नाव खोडलं तरी माणूस उरतो



सिल्वासातल्या आपल्या जुन्या घरांना पत्ता लागत नाही. ‘ज्यांचा मुलगा वापीला नोकरीला आहे ते’ एवढ्यावर माणूस सापडतो. ही ओळख सुखाची आहे. आजारपणाच्या नोंदींत मात्र ती अडचणीची ठरते.

१५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालेली डिजिटल आरोग्य योजना प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. त्यांत आपला प्रदेश होता. अशा नोंदी एकत्र चाळल्या तर मोठं काम होतं. इथल्या वारली, धोडिया, कोकणा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणी कुठे वाढवावी, हे नोंदीच सांगतात. पण वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, आणि ‘वाहक’ हा शब्द बाहेर फुटला की मुलीचं लग्न अडतं.

नाव काढून टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९०च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावं वगळून संशोधकांना दिली. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी ताडून पाहिले आणि खुद्द गव्हर्नरांची नोंद शोधून काढली.

दादरा नगर हवेलीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३,४३,७०९ होती. इथल्या एखाद्या पाड्यावर मतदारयादीचीही गरज नाही. ते काम आपली स्मरणशक्ती करते. ‘चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई’ म्हटलं, की गाव नाव सांगतं.

म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट लिहावा, एका गावाऐवजी गावांचा गट धरावा, आणि ‘१’ किंवा ‘२’ असे आकडे छापूच नयेत. त्याने लहान पाड्याचं दुखणं अहवालात झाकलं जाईल, हे खरं. तो आकडा तिथल्या आरोग्यसेविकेला जरूर कळावा, इतरांना कशाला?

२०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलं. मात्र एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नसेल, तर संशोधनाला ठरावीक निकषांवर सवलतही दिली. तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा: माहिती कशासाठी, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार?

आणि एक पथ्य आपल्या सर्वांसाठी. दवाखान्यात कोण दिसलं, हे घरी येऊन सांगू नका. संगणकाला कुलूप लावता येतं. ओटीवरच्या गप्पांना ते आपणच लावायचं असतं.