मागची गल्ली कुणाची?
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



‘घर घेताना मोजणी’ हा विषय मला दिलात, कारण मी इतकी वर्षं कमिटीवर होतो. पण यातलं मी शिकलो ते चूक करून, हे आधीच सांगतो.

लालबागच्या आपल्या चाळीच्या जागी ही बिल्डिंग झाली. 225 चौरस फूट आणि घरात संडास, एवढ्यावर आम्ही खूश! ताबा घेताना मी नळ सोडून पाहिले, लाद्या ठोकून पाहिल्या. जमीन कुठून कुठपर्यंत आपली, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि सही माझी होती.

मागची गल्ली आठवते ना? पोरांचं क्रिकेट, तुळस, पंप रूम. ती आपलीच म्हणून चाललो होतो. बिल्डरनं कन्व्हेयन्स काही दिलं नाही, म्हणून डीम्ड कन्व्हेयन्सचे कागद जमवायला बसलो आणि प्रॉपर्टी कार्ड काढलं. नाव जुन्या घरमालकाचं, क्षेत्रफळ चौरस यार्डांत. एक चौरस यार्ड म्हणजे सुमारे 0.836 चौरस मीटर. आर्किटेक्टनं टेप लावून प्लॉट मोजला, तर कार्डापेक्षा जागा जास्त भरली! आनंद पाचच मिनिटं टिकला. नकाशावरची रेघ पाहिली, तर आपली पंप रूम शेजारच्या चाळीच्या सी.एस. नंबरात.

आम्ही दोघं-तिघं शेजारी गेलो. वाटलं, नोटीस येणार. तिथले एक आजोबा म्हणाले, “जागेचं नंतर बघू. तुमच्या पंपानं पहाटे चारला झोपमोड होते, तो आधी हलवा.” पंप पुढे आणला. घरटी वर्गणी बसली आणि त्यावरून मला बरेच बोल खावे लागले. चुकीचे नव्हते ते.

आता तरुण मंडळींसाठी. मुंबई शहरात सात-बारा शोधत बसू नका. इथं सी.एस. नंबर आणि डिव्हिजन; उपनगरात सी.टी.एस. नंबर. पनवेल-कल्याणकडे गावात जागा असेल तर सात-बारा बघा, जमीन एन.ए. झाली का तेही विचारा. कार्डावर धारणाप्रकाराचा रकाना असतो, तो वगळू नका. जमीन लीजवर असेल तर लीज कधी संपतं ते तिथून शोधायला लागा. आपल्या शहरात ‘फोरास’, ‘पेन्शन अँड टॅक्स’ असले जुने प्रकारही भेटतील. फोरास रोडचं नाव त्यातलंच! पालिकेकडून डी.पी. रिमार्क घ्या, रस्तारुंदीत प्लॉटचा तुकडा जाणार असेल तर तिथं कळतं. हे सगळं टोकन देण्याआधी. टोकन दिल्यावर माणूस कागद वाचत नाही, स्वतःची समजूत घालतो.

फ्लॅटही स्वतः टेपनं मोजा. रेराच्या 2016 च्या कायद्यात कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. म्हणजे टेपचा आकडा आणि करारातला आकडा थोडा वेगळा येईल. थोडा म्हणजे थोडाच. पूर्ण पलंगाची जागा कमी पडली तर विचारा.

आपलं कार्ड आणि नकाशा ऑफिसच्या कपाटात हिरव्या फाइलमध्ये आहे. रविवारी दहा ते बारा मी तिथं बसतो. नवं घर बघत असाल तर तुमचे कागद घेऊन या, चष्मा माझा मी आणतो.