धांवत्या गाडीची ओळख

पुण्याहून मुंबईस जाणारा यशवंतराव चव्हाण द्रुतगति महामार्ग २००२ मध्यें पूर्णपणें खुला झाला. सुमारें ९५ किलोमीटर लांबीचा हा सहापदरी रस्ता प्रवासाचा वेळ वांचविण्यासाठीं बांधला. परंतु उर्से व खालापूर येथील नाक्यांवर रोख पैसे मोजतांना तोच वेळ पुन्हां रांगेंत खर्ची पडे. ह्यावर उपाय म्हणून आलेली ‘फास्टॅग’ नांवाची पट्टी आज श्रोत्यांपैकीं अनेकांच्या मोटारीच्या कांचेवर असेल. राष्ट्रीय महामार्गांवर ती फेब्रुवारी २०२१ पासून आणि महाराष्ट्र राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली.

ह्या पट्टींत बॅटरी नसते, हीच तिची मौज. नाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्झच्या बिनतारी लहरी सोडतें. पट्टींतील इवलीशी चिप त्या लहरींतूनच जागें होण्यापुरती शक्ति घेते आणि आपल्या क्रमांकाच्या ठेक्यांत तीच लहर परत उलटविते. आरसा हलवून उन्हाच्या कवडशानें दुरून खूण करावी, तसाच हा प्रकार. परावर्तित लहरींनीं संदेश देण्याचा विचार हॅरी स्टॉकमन ह्यांनीं १९४८ मध्यें एका निबंधांत मांडला होता.

एकेरी रांगेंत, अडसरापुढें गाडी उभी असतां हें काम सोपें. अडसर काढून अनेक पदरांवरून गाड्या भरधांव सोडल्या, म्हणजे खरी परीक्षा. ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. लहरींना पदरांच्या सीमा ठाऊक नसतात. शेजारच्या मालमोटारीच्या पत्र्यावर आदळून त्या भलतीकडेही पोंचतात. सर्व पट्ट्यांनीं एकदम बोलूं नये म्हणून यंत्र त्यांना पाळी लावून देतें. तरी मिळालेला क्रमांक कोणत्या गाडीचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून रस्त्यावरील कमानीवर कॅमेरे बसवून गाडीच्या पाटीवरील क्रमांक पट्टीशीं ताडून पाहावा लागतो.

हा ताळा महत्त्वाचा आहे. कारण अडसराबरोबर तेथला माणूसही जातो. नाक्यावर झालेल्या चुकीचा जाब तेथल्या तेथें विचारतां येतो. कमानीखालची चूक मात्र घरीं खातें पाहिल्यावरच कळते. शिवाय कोणती गाडी केव्हां कोठून गेली, ह्याची नोंद मागें राहते. ती नोंद जपून ठेवली आणि दाद मागण्याची वाटही रस्त्याइतकीच मोकळी राखली, तरच वांचलेला वेळ सत्कारणीं लागला असें म्हणतां येईल.