वाफेची तहान



विजेच्या कारखान्यात पाणी कशाला लागते, असे विचारले तर पुष्कळजण सांगतात, वाफ करायला. हे अर्धेच खरे. ते पाणी नळ्यांतून फिरून पुन्हा बॉयलरमध्ये येते. खरे पाणी खर्ची पडते ते टर्बाइन फिरवून दमलेली वाफ निववण्यात. कमरेत बारीक असलेल्या त्या उंच मनोऱ्यांतून पांढरे लोट निघतात, त्यांना लोक धूर समजतात. ते धरणातले पाणी होय.

२०१५ च्या केंद्रीय नियमाने मनोरेवाल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरांची मर्यादा घातली. या हिशेबाने २१० मेगावॅटचा एकच संच पूर्ण भाराने चालला, तर ताशी सात लाख लिटरांहून अधिक पाणी पितो. म्हणूनच २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे सर्व संच पाण्यावाचून बंद पडले. कोळसा होता, माणसे होती, पाणी नव्हते. अशा वेळी कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी कामगाराची हजेरीच बुडते. आणि शेतकऱ्याला सांगावे तरी कोणत्या तोंडाने की, तुझ्या पिकाआधी आमची वाफ निवू दे?

दुसरा मार्ग आहे. माठ पाझरून निवतो, मोटारीचा रेडिएटर मात्र नुसत्या वाऱ्याने. दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या मुलखातल्या मातिंबा केंद्रात ६६५ मेगावॅटचे सहा संच या रेडिएटरच्या रीतीने, प्रचंड पंख्यांवर चालतात. मोरोक्कोतील वरझाझात येथे २०१६ चा पहिला सौर प्रकल्प पाण्याने निववलेला, पण २०१८ चे पुढचे दोन हवेने. आरसे धुवायला तेथेही पाणी लागतेच. आपल्याकडे झारखंडात उत्तर कर्णपुरा येथे हीच रीत आली आहे.

फुकट मात्र काही नाही. यंत्रे महाग, पंखे स्वतःच वीज खातात, आणि हवा ४३ अंशांवर गेली की वाफ नीट निवत नाही. म्हणजे ऐन वैशाखात, मागणी शिगेला असताना, उत्पादन घटते आणि युनिटमागे कोळसा अधिक जळतो. काही ठिकाणी म्हणून दोन्ही रीती जोडतात : एरवी हवा, कडक उन्हात थोडे पाणी.

हा जादा खर्च दरपत्रकात उघड मांडला जावा, अशी आमची मागणी आहे. आज तो कोरड्या विहिरीत आणि बुडालेल्या हजेरीत लपलेला असतो, आणि तो कोणत्याही निविदेत दिसत नाही.