रिकामी निघालेली कोठी

जुन्या पेढ्यांवर दिवाणजींच्या पुढ्यात दोन वह्या असत. दिवसभरात जी देवघेव होई ती घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे, आणि मग सवडीने तीच रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढे. कोणाकडे किती येणे आहे हे खतावणी सांगे; ते येणे कसे झाले हे रोजकीर्द सांगे. समजा, खतावणीला वाळवी लागली. मागच्या दिवाळीला केलेली तिची नक्कल आणि त्यानंतरच्या साऱ्या रोजकीर्दी शाबूत असतील, तर चार कारकून बसवून हिशेब पुन्हा उभा करता येई. दोहोंपैकी एक जरी नसेल, तरी मालकाने कपाळाला हात लावावा.

आज बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील रोग्याचा इतिहास आणि शेतकऱ्याचा सातबारा ह्या सर्व गोष्टी संगणकाच्या ज्या भांडारात राहतात त्यास डेटाबेस म्हणतात. त्याची अंतर्रचना पाहिली तर पेढीवरच्या दिवाणजीला ती परकी वाटू नये. ओरॅकल असो, पोस्टग्रेस असो, प्रत्येक मोठ्या डेटाबेसाला स्वतःची रोजकीर्द असते. कोणताही फेरफार आधी तिच्यात लिहिला जातो आणि मग खतावणीत, म्हणजे मुख्य फायलींत, उतरतो. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताच प्रथम रोजकीर्द वाचते आणि राहिलेल्या नोंदी चढवून घेते.

येथे श्रोत्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहील. फायली आहेत, तर रोज रात्री त्यांची प्रत काढून ठेवावी. त्यासाठी वेगळ्या सॉफ्टवेअरचा खटाटोप कशाला? अडचण अशी की, मोठ्या डेटाबेसाची प्रत काढण्यास काही तास लागतात आणि पेढी तर रात्रंदिवस उघडी असते. वहीचे पहिले पान दहा वाजता उतरवून घेतले आणि शेवटचे बारा वाजता, तर मधल्या दोन तासांत एका खात्यातून निघालेली रक्कम दुसऱ्या खात्यात पोहोचलेली त्या प्रतीत दिसेलच असे नाही. अशी प्रत म्हणजे धड दहाची नव्हे आणि धड बाराचीही नव्हे. म्हणून बॅकअपचे सॉफ्टवेअर प्रत काढण्यास आरंभ करताना रोजकीर्दीत खूण करते, संपताना दुसरी खूण करते, आणि त्या दोन खुणांमधील नोंदीही प्रतीसोबत बांधून ठेवते. पुनर्स्थापनेच्या वेळी आधी फायली जागेवर ठेवायच्या, मग त्या नोंदी चढवायच्या, म्हणजे हिशेब जुळतो. त्यापुढच्या रोजकीर्दीही जपून ठेवल्या असतील तर हव्या त्या क्षणापर्यंत येऊन थांबता येते. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी कोणी चुकून सारी खाती पुसली असतील, तर ११ वाजून ४१ मिनिटांपर्यंतचा हिशेब परत उभा राहतो. संपूर्ण प्रत रोज काढणे परवडत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण आणि मधल्या दिवशी केवळ बदललेल्या भागाची, अशीही व्यवस्था असते. तो काटकसरीचा भाग झाला.

पुष्कळांची समजूत अशी असते की, मुख्य यंत्रासारखेच दुसरे यंत्र शेजारी चालू ठेवले की चिंता मिटली. हे दुय्यम यंत्र मुख्य यंत्राची रोजकीर्द क्षणोक्षणी वाचून स्वतःची खतावणी तशीच ठेवते. मुख्य यंत्र बिघडल्यास ते कामास येते, ह्यात शंका नाही. परंतु ते आरशासारखे आहे. मुख्य यंत्रावर कोणी खाते पुसले की दुसऱ्या क्षणी आरशातही ते पुसले जाते. यंत्राच्या बिघाडावर आरसा उपयोगी पडतो. माणसाच्या चुकीवर त्याचा काही इलाज चालत नाही.

ह्या साऱ्या गोष्टी ज्यांना उत्तम ठाऊक होत्या अशाच मंडळींवर ३१ जानेवारी २०१७ रोजी जो प्रसंग गुदरला, तो ह्या क्षेत्रात अजून सांगितला जातो. गिटलॅब ही कंपनी संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी एक सार्वजनिक कार्यशाळा चालविते. जगभरचे कार्यक्रमकार आपले लेखन तेथे ठेवतात, एकमेकांच्या चुका दाखवतात, चर्चा करतात. कार्यक्रमांचा मूळ मजकूर वेगळ्या यंत्रांवर असे. सभासदांची खाती, प्रकल्पांची नोंद, चर्चा आणि शेरे हे सर्व मात्र पोस्टग्रेसच्या एका डेटाबेसात होते. त्याचा आकार सुमारे ३०० गिगाबाइट होता.

त्या संध्याकाळी डेटाबेसावर अकस्मात ताण वाढला. काही ताण उपद्रवी लोकांनी भरलेल्या निरर्थक मजकुराचा होता. काही ताणाचे कारण तर विलक्षणच होते. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदली गेली होती आणि ते खाते त्याच्या सर्व मजकुरासह काढून टाकण्याचे काम चुकून यंत्राकडे गेले होते. ह्या धांदलीत दुय्यम यंत्र मागे पडले. ते वाचण्यापूर्वीच मुख्य यंत्राने रोजकीर्दीची जुनी पाने फाडून टाकली. आणि ही पाने वेगळी जतन करण्याची सोय असूनही ती तेथे वापरात नव्हती. आता दुय्यम यंत्र रिकामे करून त्यावर सगळी प्रत नव्याने आणणे हाच मार्ग उरला.

एक अभियंता रात्री उशिरापर्यंत त्या कामास लागला होता. प्रत आणण्याची आज्ञा द्यावी, तर ती काहीच न बोलता नुसती थांबून राही. दुय्यम यंत्रावरील कप्पा पुरता रिकामा नसावा, म्हणून ती अडत असेल असे त्यास वाटले. त्याने कप्पा पुसून टाकण्याची आज्ञा दिली. एक-दोन क्षणांतच त्याच्या ध्यानी आले की, समोर उघडी असलेली खिडकी दुय्यम यंत्राची नसून मुख्य यंत्राची आहे. त्याने तत्काळ आज्ञा रोखली. ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे तेव्हा ११ वाजून २७ मिनिटे झाली होती. भारतात १ फेब्रुवारीची पहाट होत होती. ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट शिल्लक उरले होते.

इथवर जे घडले ते कोणाच्याही हातून घडू शकते, आणि ह्याच प्रसंगासाठी तर बॅकअप असतात. कंपनीकडे प्रत राखण्याच्या एक नव्हे, पाच तजविजी होत्या. मंडळी एकेक कोठी उघडू लागली.

डेटाबेसातील सगळा मजकूर रोज नव्याने लिहून काढून अमेझॉनच्या दूरस्थ कोठीत पाठविण्याची पद्धत होती. ती कोठी उघडली तर आत काही नव्हते. लिहून काढणारे साधन जुन्या, ९.२ ह्या आवृत्तीचे होते; डेटाबेस ९.६ आवृत्तीचा. दोघांचे जमत नव्हते आणि साधन रोज चूक दाखवून परत फिरत होते. मग ती चूक कोणास कशी कळली नाही? यंत्र चुकीची सूचना इमेलने धाडीत होते. परंतु त्या पत्रांवर प्रेषकाची खरेपणाची जी निशाणी आता आवश्यक मानतात ती नव्हती, म्हणून टपालव्यवस्था ती नाकारीत होती. पहारेकरी रोज ओरडत होता, पण त्याचा आवाज वाड्याच्या भिंतीबाहेर जात नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेवर संपूर्ण डिस्कचे छायाचित्र घेण्याची सोय होती. ती इतर यंत्रांसाठी चालू होती. डेटाबेसाच्या यंत्रांसाठी कोणी चालूच केली नव्हती, कारण त्याची प्रत अन्य मार्गांनी निघतेच आहे असे गृहीत धरले होते. दुय्यम यंत्र तर त्या दुरुस्तीतच रिकामे झाले होते. ह्या सर्व तजविजींपैकी एकही भरवशाने चालत नाही, असे कंपनीने स्वतःच त्या रात्री जाहीर टिपणात लिहिले.

फळ्यावरचे गणित वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. वही पाहून शिक्षक संतुष्ट होतात, पालकही होतात. तो फळ्याशी उभा राहून तेच गणित पुन्हा सोडवू शकतो की नाही हे मात्र त्यास फळ्याशी उभे केल्यावाचून कळत नाही. बॅकअपच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा होतो. प्रत काढण्याचे काम रोजचे आणि यांत्रिक असते. ते झाले अशी नोंद दिसली की मन निश्चिंत होते. प्रत परत उभी करण्याचे काम क्वचित पडते, त्यास दुसरे रिकामे यंत्र लागते, मनुष्यबळ लागते, आणि त्यातून नवीन असे काहीच निर्माण होत नाही. म्हणून ते पुढे ढकलले जाते. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना ही दुर्बलता ठाऊक आहे. ओरॅकलच्या बॅकअप-साधनात प्रत्यक्ष काही न लिहिता प्रत वाचून पाहण्याची आज्ञा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एस्‌क्यूएल सर्व्हरमध्येही तशी एक आज्ञा आहे. पण ही दुसरी आज्ञा प्रत पूर्ण आहे आणि वाचता येते एवढेच पाहते. आतील हिशेब बरोबर आहे की नाही ह्याची हमी ती देत नाही. ती हमी हवी असेल तर प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करूनच पाहावी लागते.

गिटलॅबला अखेर तारले ते एका योगायोगाने. चाचणीसाठी ठेवलेल्या यंत्रावर मुख्य डेटाबेसाचा त्या क्षणाचा ठसा दर चोवीस तासांनी नेला जाई. दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी, ५ वाजून २० मिनिटांनी, एका अभियंत्याने आपल्या निराळ्याच प्रयोगासाठी ताजा मजकूर हवा म्हणून तो ठसा हाताने घेतला होता. बॅकअप म्हणून त्याकडे कोणी पाहिले नव्हते. तो प्रयोग त्या दिवशी नसता, तर सहा तासांऐवजी चोवीस तासांपर्यंतचे काम बुडाले असते.

प्रत हाती आली, तरी पेढी उघडण्यास विलंब लागला. चाचणीचे यंत्र स्वस्त आणि मंद डिस्कवर होते. त्यावरून मजकूर वाहून आणण्यास सुमारे १८ तास गेले. बॅकअपची योजना करताना किती काम गमावणे परवडेल आणि किती वेळ दार बंद ठेवणे परवडेल, असे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर प्रत किती वेळा काढता ह्यात असते. दुसऱ्याचे, ती किती वेगाने परत आणता येते ह्यात. पहिला प्रश्न सगळे विचारतात. ह्या अवधीत कंपनीने काही लपविले नाही. टिपणे सर्वांना वाचण्यास खुली ठेवली आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखविले. अंदाजे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० शेरे आणि ७०० नवी खाती कायमची गेली. चूक करणाऱ्या अभियंत्याचे नाव कंपनीने आपल्या अहवालात दिले नाही.

ज्यांच्याकडे प्रतच नव्हती त्यांची कथा ह्याहून थोडक्यात आटोपते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. तेथील बहुतेक व्यवस्थांच्या प्रती अन्यत्र होत्या. सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद ठेवावेत म्हणून दिलेले जी-ड्राइव्ह नावाचे भांडार मात्र इतके मोठे होते, ८५८ टेराबाइटचे, की त्याची बाहेर प्रत ठेवणे शक्य झाले नाही असे सांगण्यात आले. सुमारे सव्वा लाख नोकरांचे कागद त्यात जळाले. प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी, असा जो परिपाठ सांगतात तो अशा आगींसाठीच. अलीकडे त्यात आणखी एक प्रत भर पडली आहे: यंत्राला जोडलेली नसणारी, किंवा ठराविक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता न येणारी. खंडणीसाठी डेटाबेसाला कुलूप घालणारे दरोडेखोर आत शिरले की प्रथम बॅकअप शोधून नष्ट करतात, म्हणून ही खबरदारी.

गिटलॅबने पुढे जे बदल ठरविले त्यांत एक अगदी साधा होता. मुख्य यंत्राची आणि चाचणीच्या यंत्राची खिडकी चटकन ओळखू यावी म्हणून तेथे दिसणारे यंत्राचे नाव निरनिराळ्या रंगांत दाखवावे, मुख्य यंत्राचे तांबड्या. मजकूर सुरक्षित राहतो की नाही ह्याची जबाबदारी एका ठराविक व्यक्तीवर सोपवावी, हा दुसरा. पूर्वी ती सर्वांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. आणि तिसरा, बॅकअपची प्रत आपोआप एका रिकाम्या यंत्रावर उभी करून तीत मजकूर आहे की नाही ते नेमाने पाहावे, मग दुर्घटना घडलेली असो वा नसो.