गुपित कुणाचे आणि चोर कोण?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात लंडनच्या कोर्टाची गोष्ट कशाला, असे काहीजण म्हणतील. म्हणू द्या. सरकारचे दप्तर कोणी उघडायचे आणि उघडले तर त्याला शिक्षा काय, हा प्रश्न लंडनचा आहे तसा आपल्या तहसील कचेरीचाही आहे. लंडनला तो चांगला चौदा वर्षे रेंगाळला, म्हणून तिथलीच हकिगत सांगतो.

ज्युलियन असांज हा ऑस्ट्रेलियाचा माणूस. २००६ साली त्याने विकिलीक्स नावाचे संकेतस्थळ काढले. दडवलेले कागद आणून द्या, आम्ही छापतो, आणणाऱ्याचे नाव फुटू देणार नाही, असा त्याचा खाक्या. अमेरिकेच्या फौजेत गुप्त माहितीच्या विभागात काम करणाऱ्या चेल्सी मॅनिंगने २०१० साली त्याच्याकडे कागदांचा ढीग पोचवला. अफगाणिस्तान आणि इराकच्या लढायांच्या रोजच्या नोंदी, त्यातल्या इराकच्याच सुमारे ३ लाख ९२ हजार. वर अमेरिकन वकिलातींचा अडीच लाखांहून जास्त पत्रव्यवहार.

त्यात एक चित्रफीत होती. १२ जुलै २००७, बगदाद शहर. हेलिकॉप्टरमधून रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडल्या जातात. मेलेल्यांत रॉयटर्स वृत्तसंस्थेची दोन माणसे. जखमीला उचलायला एक गाडी येते, तिच्यावरही गोळ्या. गाडीत दोन लेकरे होती, ती जखमी झाली. आपली माणसे कशी मेली हे कळावे म्हणून रॉयटर्सने अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली रीतसर अर्ज करून ही फीत मागितली होती. मिळाली नाही. एप्रिल २०१० मध्ये असांजने ती जगाला दाखवली. हेलिकॉप्टरमधल्या कुणावर खटला झाला नाही. फीत देणाऱ्या मॅनिंगला ३५ वर्षांची सजा झाली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती २०१७ मध्ये कमी केली, तोवर सात वर्षे तुरुंगात गेली होती.

वकिलातींच्या पत्रांत आपल्या धंद्याचेही सापडते. २००७ साली अमेरिकेच्या पॅरिसमधल्या राजदूताने वॉशिंग्टनला लिहिले की युरोपवाले जनुक बदललेल्या मक्याला अडवतात, तेव्हा त्यांना चिमटा बसेल अशा मालाची यादी करून बदला घ्यावा. बीटी बियाण्याबद्दल तुमचे मत काहीही असो. आपल्यात दोन्ही मतांचे लोक आहेत आणि बंदीने शेतकऱ्याचे भले होत नाही हे आम्हीही म्हणतो. पण बियाण्याचा बाजार बंद खोलीत कसा ठरवू पाहतात, हे बियाणे विकत घेणाऱ्याला कळले तर कुणाचे काय बिघडते?

आता खटल्याकडे येऊ. मधला काळ भरभर सांगतो. स्वीडनमध्ये असांजवर दोन बायांच्या तक्रारी होत्या, त्यातली एक बलात्काराची. तो २०१२ साली लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत शिरला आणि तिथेच सात वर्षे राहिला. स्वीडनने २०१९ मध्ये तपास सोडला. त्याचे चाहते त्या तक्रारी नुसते राजकारण म्हणून उडवून लावतात, ते आम्हाला पटत नाही. त्यांचा निवाडा कोर्टात व्हायला हवा होता. पण अमेरिका त्याला मागत होती ती वेगळ्याच कारणाने.

अमेरिकेने १८ आरोप ठेवले, त्यातले १७ हेरगिरीच्या १९१७ सालच्या कायद्याखाली. सगळे मिळून १७५ वर्षांची सजा होऊ शकली असती. पहिल्या महायुद्धात हेर पकडायला केलेला हा कायदा. गुपित विकणारा हेर आणि गुपित छापणारा माणूस यांत फरक आहे की नाही? हेर माहिती एका शत्रूला चोरून देतो. छापणारा ती सगळ्यांपुढे ठेवतो, आणि ज्यांच्या पैशावर ते युद्ध चालते त्या करदात्यांपुढेही ठेवतो.

एका देशाने मागितलेला माणूस दुसऱ्या देशाने त्याच्या हवाली करणे, याला प्रत्यार्पण म्हणतात. मराठी माणसाला हे नवे नाही. सावरकरांना लंडनहून इकडे आणत असताना ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेलिसच्या बंदरात उडी मारली. फ्रान्सच्या भूमीवर पाय लागला, तरी फ्रेंच शिपायाने धरून त्यांना इंग्रजांच्या ताब्यात दिले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये लवाद म्हणाला, ताब्यात देताना गफलत झाली खरी, पण माणूस परत करायला इंग्लंड बांधील नाही. झाले!

राजकीय गुन्ह्यासाठी माणूस हवाली करू नये, ही रीत पुष्कळ देशांनी मान्य केली आहे. आपल्या १९६२ च्या कायद्यातही ती आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या २००३ च्या तहात तर ती स्पष्ट लिहिलेली. पण त्याच साली इंग्लंडच्या संसदेने केलेल्या कायद्यात ते कलम गळले. असांजचे वकील तहाकडे बोट दाखवत, सरकारी वकील कायद्याकडे. जानेवारी २०२१ मध्ये न्यायाधीश बाईंनी सांगितले की तहावर कोर्टात हक्क सांगता येत नाही. छपाईच्या स्वातंत्र्याचा मुद्दाही त्यांनी फेटाळला. तरी माणूस हवाली करायला नकार दिला, कारण त्याची मनःस्थिती अशी की अमेरिकन तुरुंगात तो जीव देईल. नकार मिळाला तो आजारपणामुळे. अमेरिकेने चांगल्या वागणुकीची हमी दिल्यावर वरच्या कोर्टाने त्याच वर्षी तो नकारही उलटवला.

दुसरी बाजू हलकी नाही. अफगाणिस्तानच्या नोंदींत परदेशी फौजांना माहिती देणाऱ्या गावकऱ्यांची नावे होती. सप्टेंबर २०११ मध्ये तर वकिलातींची सगळी पत्रे नावांसकट उघडी टाकली गेली. ज्या वर्तमानपत्रांनी आधी असांजबरोबर मिळून ती तपासून छापली होती, त्यांनीच निषेध केला. आमचे मतही तेच आहे. बंदूकवाल्यांच्या दोन टोळ्यांमध्ये सापडलेला खेडूत जीव वाचवायला कुणाशी काय बोलला, ते छापायचा हक्क कुणालाही नाही. पण चुकीच्या छपाईला हेरगिरी ठरवून परक्या देशाच्या नागरिकाला समुद्रापार ओढून नेणे, हा त्यावरचा न्याय नव्हे. तीच वर्तमानपत्रे, न्यूयॉर्क टाइम्स आणि गार्डियन धरून पाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये खटला मागे घ्या म्हणून एकत्र उभी राहिली.

आपल्याकडे १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आहे. इंग्रज गेला, कायदा राहिला. पंचनाम्याची नक्कल मागितली तरी 'गोपनीय आहे' म्हणून हाकलण्याची कचेऱ्यांची सवय त्याच हवेत वाढली. महाराष्ट्राचा २००२ चा आणि देशाचा २००५ चा माहितीचा कायदा आल्यावर पैसेवारीचे कागद मागायची सोय झाली. राफेल विमानांच्या खरेदीचे कागद वर्तमानपत्रात आले, तेव्हा सरकारने हाच १९२३ चा कायदा पुढे करून ते कोर्टाने पाहू नयेत असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी ते ऐकले नाही. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या पोलिसांनी असांजला वकिलातीतून फरफटत बाहेर काढले आणि बेलमार्श तुरुंगात टाकले.

तिथे तो पाच वर्षांहून जास्त राहिला. ऑस्ट्रेलियाच्या लोकसभेने फेब्रुवारी २०२४ मध्ये ८६ विरुद्ध ४२ मतांनी ठराव करून आपला माणूस परत मागितला. मे महिन्यात लंडनच्या वरच्या कोर्टाने त्याला अपिलाची परवानगी दिली. परदेशी माणसाला अमेरिकेच्या घटनेतले छपाईचे संरक्षण मिळणार का, हा मुद्दा त्यात होता. अपील ९ जुलैपासून चालणार होते.

त्याआधीच सौदा झाला. २६ जून २०२४ रोजी प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर अमेरिकेच्या कोर्टात असांजने एक गुन्हा कबूल केला: गुप्त माहिती मिळवून छापण्याचा कट. भोगलेली ६२ महिन्यांची कैद हीच शिक्षा धरली गेली. या गुन्ह्यात अमुक माणसाला इजा झाली असे सरकार दाखवत नाही, याची नोंद न्यायाधीशांनी तिथेच केली. त्याच दिवशी तो कॅनबेराला घरी पोचला. लंडनचे अपील त्यामुळे चाललेच नाही, आणि त्यातल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोर्टाने दिले नाही.