पत आणि जामिनकी

मुलाच्या शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो. म्हणून बँक पालकाचीही पत पाहते. सिबिल ती ३०० ते ९०० या आकड्यांत मोजते. आपण म्हणाल, ‘मी कधी कर्जच काढले नाही!’ पण कुणाला जामीन राहिलात ना? त्याचे हप्ते थकले की डाग आपल्याही नोंदीला लागतो. भिडेखातर केलेली सही, दुसरे काय! आपला अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो मागवाच. चूक दिसल्यास लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. थकबाकी खरीच असेल, तर सवलतीच्या तडजोडीला भुलू नका. ‘सेटल्ड’ हा शेरा पुढच्या बँकेला खटकतो. पूर्ण फेडा आणि ‘क्लोज्ड’ अशी नोंद झाल्याची खात्री करा.