तळोद्याला उजवीकडे वळा



कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरच्या घाटावर नर्मदा परिक्रमेचा संकल्प सोडणाऱ्यांची रीघ लागते. त्या गर्दीत मराठी बोलणं सारखं कानावर पडतं. अलीकडे तिथे सायकल घेऊन आलेली मंडळीही दिसू लागली आहेत. माझं आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि जावं की न जावं या विचारात जे घरी बसले आहेत त्यांच्यासाठीही.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. दोन्ही तट धरले आणि रस्त्याचे वळसे मोजले, की सायकलवाल्याचा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. नियम थोडेच आहेत. मैया सतत उजव्या हाताला हवी. तिला येऊन मिळणाऱ्या नद्या ओलांडता येतात, पण तिचं पात्र मध्येच कुठेही ओलांडायचं नाही. ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर आहे. त्यामुळे संकल्प झाला की दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावरच. जुन्या रीतीने हे व्रत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचं. चातुर्मासात एका जागी मुक्काम. सायकलवर इतका काळ अर्थातच लागत नाही, आणि सायकलची खरी अडचण तिथेच आहे. चाक पळतं म्हणून माणूस पळतो. रोज संध्याकाळी किलोमीटर मोजले जातात, आणि मग ज्या वाटेने आकडा वाढेल ती वाट बरी वाटू लागते.

ही निवड सर्वांत आधी पुढ्यात येते ती आपल्याच महाराष्ट्रात. दक्षिण तटाने बडवाणी, खेतिया, शहादा असं करत तुम्ही तळोद्याला पोचता. इथून सरळ सपाटीने अक्कलकुवा गाठता येतं, आणि तसाच पुढे गुजरातेत सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा. बहुतेक सायकली याच रस्त्याने जातात. दुसरा रस्ता तळोद्यातून उजवीकडे, चांदसैली घाटाने सातपुड्यावर चढतो. वर धडगाव, मग मोलगी, आणि देवगोई घाट उतरून पुन्हा अक्कलकुवा. अंतर कितीतरी जास्त, चढ दमवणारा. तरीही मी हाच रस्ता घ्या म्हणेन, आणि आग्रहाने म्हणेन.

सामान लादलेली सायकल चांदसैलीच्या चढावर पायी माणसाच्या चालीवर येते. सगळ्यांत हलका गिअर टाकला तरी काही वळणांवर उतरून ढकलावी लागते. ढकलत जाणाऱ्याला लोक थांबवतात. कुठून आलात, कुठे निघालात, पाणी हवं का, विचारतात. सपाटीवर हे शब्द कानामागून निघून जातात. सातपुड्यात गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे. या टेकडीवर एक घर, पलीकडच्या उतारावर दुसरं, मध्ये शेताचा तुकडा. सगळं मिळून पाडा. पावरा आणि भिल्ल समाजाची ही भूमी. इथेच अस्तंब्याचा डोंगर आहे. तिथे अश्वत्थामा वावरतो अशी श्रद्धा आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत आदिवासी तरुण मोठ्या संख्येने त्या डोंगराची यात्रा करतात. नर्मदेची परिक्रमा करणारेही अश्वत्थाम्याच्या भेटीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

या पट्ट्याला परिक्रमावासी शूलपाणीची झाडी म्हणतात. पूर्वी इथे यात्रेकरूंना अंगावरच्या कपड्यांपर्यंत लुटलं जाई, आणि ती मैयाने घेतलेली परीक्षा मानली जाई. ती गोष्ट आजही चवीने सांगितली जाते, याचं मला वाईट वाटतं. लुटलं कोण गेलं, हे इथल्या माणसाला विचारून पाहा. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली. २०१९ साली ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्याच्या बुडिताखाली आली. यातलं मणिबेली हे नाव तरी अनेकांनी ऐकलं असेल. काठाने जाणारी पायवाट, देवळं, घाट, मळईची शेतं पाण्याखाली गेली. जे उठले त्यांतले कित्येक दूरच्या वसाहतींत गेले, काही वरच्या उतारांवर सरकले. तरी त्यांच्या घरापुढे सायकल उभी राहिली की मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी पुढे येते. सपाटीच्या रस्त्याने गेलेल्या माणसाला या परिक्रमेतलं हे पान वाचायलाच मिळत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. समुद्राजवळ दक्षिण तटावरून उत्तर तटावर होडीने जायचं असतं, आणि होडी भरतीच्या वेळेवर सुटते. सायकलचं काय करायचं ते नावाड्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. उत्तर तटाचा महेश्वर, नेमावर हा रस्ता तुलनेने सुखाचा. मंडला, दिंडोरीनंतर चढ पुन्हा लागतात, आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवरच्या अमरकंटकला पौषातली थंडी हाडांत शिरते. हातमोजे विसरू नका. घाट उतरताना ब्रेक एकसारखा दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, दोन्ही चाकांचा मिळून. पावसाळ्यात सुटलेले दगड चांदसैलीच्या रस्त्यावर हिवाळ्यातही भेटतात. अंधार पडल्यावर घाटात राहू नका.

आणि शिध्याचं. परिक्रमेत सदावर्त मिळतं, आश्रमांतून डाळ, तांदूळ, पीठ मिळतं, ही मोठी पुण्याईची परंपरा आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र तिचा भार टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. धडगाव आणि मोलगी ही नावं आपण वर्षानुवर्षं कुपोषणाच्या बातम्यांत ऐकत आलो आहोत. त्या घरातली भाकरी प्रेमाने दिली तर नाकारू नका, पण आपला शिधा त्या चुलीपाशी ठेवा आणि मग बसा. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमा करून आल्या आणि पुढे मध्य प्रदेशात लेपा इथे मुलांसाठी त्यांनी नर्मदालय ही शाळा उभी केली. सगळ्यांना तेवढं जमणार नाही. पिशवीभर तांदूळ, थोडी तूरडाळ, गूळ आणि जवळपास शाळा असेल तर वह्यांचा एक गठ्ठा, एवढं कॅरिअरवर बांधणं कोणालाही जमेल.

यंदा निघणार असाल तर हा बाजार तळोद्यातच करून घ्या. वरच्या पाड्यांवर दुकान भेटेलच असं नाही.